आवाज मागून येतो

भोंग्याचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर त्याच्या बायकोने पहिलं काम केलं ते म्हणजे शिवणयंत्राला तेल घातलं. माणसं अशा वेळी रडतात, देवाला बोल लावतात, नातेवाइकांना फोन करतात. हिने तेल घातलं आणि मग कुणाच्या तरी पँटची दुमड इतक्या रागाने शिवली की ती पुन्हा उसवावी लागली. धक्का तर बसला होताच, पण त्याहून जास्त राग आला होता. एवढी वर्षं मैदानावर घसा फाडून घेतलात, आता भोगा, असं ती मनातल्या मनात म्हणत होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की या आजाराचा ओरडण्याशी काही संबंध नाही. डॉक्टरांना काय जातंय सांगायला.

भोंगा हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. तो गोदामात मुकादम होता आणि सुट्टीच्या दिवशी मैदानावरच्या फुटबॉल सामन्यांचं समालोचन करायचा. त्याला कुणी नेमलं नव्हतं. एकदा नेमलेला माणूस आला नाही, याने माईक हातात घेतला आणि मग तो कुणाला परत मिळालाच नाही. खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून त्याचा आवाज आजूबाजूच्या गल्ल्यांत, त्याच्या स्वतःच्या घरापर्यंत जायचा. सुरुवात नेहमी वाऱ्यापासून. नमस्कार मंडळी, वारा अमुक बाजूने आहे, मैदान ओलं आहे की कोरडं, आणि मग खेळाडू. चेंडू गोलपासून दहा हात लांबून गेला तरी हा असं काही सांगायचा की चहा प्यायला गेलेली माणसं कप टाकून धावत यायची. निम्मे गोल भोंग्यानेच मारलेत, असं जुना गोली अजूनही म्हणतो.

बायको मात्र मैदानावर एकदाही गेली नव्हती. सुट्टीच्या दिवशी लोक कपडे न्यायला यायचे, हे तिचं कारण. "घरात ऐकते तेवढं पुरे आहे मला," हे दुसरं. हे दुसरं ती सगळ्यांसमोर म्हणायची, लोक हसायचे, आणि भोंगाही हसायचा. त्याला ते लागत असेल असं तिच्या कधी मनात आलं नाही, कारण त्याने कधी तसा ब्रही काढला नव्हता.

आता ऑपरेशन पुढच्या गुरुवारी होतं. त्याचा आवाज तोवर पार बसला होता, बोलणं कमी आणि हवा जास्त. मैदानावर जाऊन ओरडायची सोय उरली नव्हती. जेवताना तो एकदाच म्हणाला, "एक मॅच करायला हवी होती शेवटची." आणि भात कालवत बसला.

मुलीने ते उचलून धरलं. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर फुटबॉलचा गेम खेळायचा, हा तिचा विरंगुळा. आपला खेळ लोकांना थेट दाखवावा, स्ट्रीम करावा, असं तिच्या फार दिवस मनात होतं, धीर होत नव्हता. "बाबा, मी खेळते, तुम्ही बोला," ती म्हणाली. "ओरडायचं नाही. माईक तोंडापाशी असतो, हळू बोललं तरी चालतं. तुमची सगळी गँग घरी बसून बघेल. आणि वर रेकॉर्डिंग राहील आपल्याकडे."

भोंग्याने बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी काय रेफरी आहे?"

खरा रेफरी, म्हणजे मैदानावरचा म्हातारा पंच, एका फोनवर तयार झाला. त्याच्या घरी मोठा टीव्ही होता. गोली, मैदानाचा माळी, जुने चार खेळाडू, सगळे तिथे जमणार होते. रविवारची दुपार ठरली.

अडचण कॉम्प्युटरची होती. तो मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला, आता वय झालेला. नुसता गेम कसाबसा चालायचा. गेम चालवायचा आणि त्याच वेळी त्याचं चित्र बनवून बाहेर पाठवायचं म्हटल्यावर त्याने हात टेकले. पहिल्या चाचणीत खेळाडू धक्के खात धावत होते, चेंडू एका जागी गायब होऊन दुसऱ्या जागी उगवत होता, आणि आवाज मधेच खरखरत होता.

मुलीने डबा उघडला. आतल्या पंख्यावर रंगीबेरंगी लोकरीसारखा थर बसला होता. धाग्यांचे तुकडे, कापडाची भुकटी.

"आई, हे बघ. तुझं शिवणयंत्र."

"हो, आता माझ्याच डोक्यावर फोडा खापर," आई म्हणाली. "त्या यंत्राच्या कमाईवर हे यंत्र आलं घरात, विसरू नकोस."

तरी तिनेच आपला रंगकामाचा मऊ ब्रश आणून दिला, आणि दोघींनी मिळून पाती साफ केली. मग मुलगी सेटिंगला बसली. कॉम्प्युटर सुरू होताना आपोआप उठणारे सतरा प्रोग्राम तिने बंद केले. पाठवायच्या चित्राचा आकार कमी केला. चित्र बनवायचं काम मुख्य प्रोसेसरवरून काढून ग्राफिक्स कार्डावर टाकलं. वायफाय भरवशाचं नाही म्हणून हॉलमधून केबल ओढली, ती उंबऱ्यावर टेपने चिकटवली. मग गेमच्या आत शिरून एकेक शोभा उतरवायला लागली. सावल्या गेल्या, गवताची पाती गेली. भोंगा मागे खुर्चीवर बसून बघत होता. मग मुलीने आणखी एक खूण काढली आणि मैदानाभोवतीची गर्दी नाहीशी झाली. रिकामे बाक राहिले.

"अगं, प्रेक्षक काढलेस?"

"त्यांचाच भार जास्त असतो बाबा. एकेक माणूस हलतो ना."

"मग मी बोलू कोणासाठी?"

मुलगी हसली, तोही हसला, हसताना त्याला खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. बायकोने पाणी आणलं. "बोलू नका म्हटलंय ना डॉक्टरांनी," ती ओरडली. "रविवारपर्यंत तोंडाला कुलूप. काय उरलंय ते तेव्हासाठी ठेवा." त्याने मान डोलावली आणि खरोखरच गप्प राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं इतकं ऐकलं.

चित्र आता वाहत्या पाण्यासारखं सरकायला लागलं. पण एवढं काम पडल्यावर कॉम्प्युटरचा पंखा घुमायला लागला, आणि माईकमधून तो घूं घूं आवाज सगळ्यावर पसरला. मुलीने दुकानातल्या एका जाणत्याला विचारलं. त्याने सांगितलं, त्यालाही फिल्टर असतो. माणसाचा आवाज ठेवतो, बाकीची घरघर गाळून टाकतो. मुलीने फिल्टर लावला, माईकसमोर बसून चार वाक्यं बोलली, आणि ऐकलं. तिचा आवाज घंटेसारखा स्वच्छ. पंखा नावालासुद्धा नाही. तिने आईच्या कानाला हेडफोन लावला. "अगंबाई," आई म्हणाली. "जादू आहे ही."

भोंग्यानेही ऐकलं आणि अंगठा वर केला. माझ्याही आवाजावर एकदा बघ, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. त्या दोघी एकदमच म्हणाल्या, "नको! आवाज वाचवा!"

त्यात चूक काय होती? मला तरी आजवर सापडलेली नाही. ज्याचा आवाज संपत आलाय त्याचा चाचणीत कोण खर्च करील? त्यांनी तो जपला, आणि तिथेच सगळं पाण्यात गेलं.

रविवारी जेवणं लवकर उरकली. भोंग्याने दाढी केली, मैदानावर घालायचा तो चौकड्यांचा शर्ट घातला. बायकोने कॉलर आधीच उलटून शिवली होती, झिजलेली बाजू आत गेली होती. मुलीने नियम सांगितले. शिवणयंत्र बंद. मिक्सर बंद. नळ सोडायचा नाही. कॉम्प्युटरवर दुसरं काही उघडायचं नाही, ब्राउझरसुद्धा नाही, म्हणजे सगळी ताकद खेळाला मिळेल.

"मग लोक लिहितील ते कसं दिसणार?" भोंग्याने खुणेने विचारलं.

"नंतर वाचू. पहिलीच वेळ आहे, चित्र अडकलं तर सगळाच विचका होईल. माझा आणि तुमचा फोनही बंद ठेवते."

"आणि मी कुठे बसू?" आईने विचारलं.

इथे भोंगा तीन दिवसांत पहिल्यांदा बोलला. "तू बाहेर बस. फोनवर बघ." त्याच्या घशातून फुसफुसत शब्द येत होते. "मैदानावर आल्यासारखी. समोर बसलीस तर मला सुचायचं नाही."

ती काहीतरी टोचून बोलणार होती. तिने स्वतःला आवरलं. मुलीने तिच्या फोनवर पान उघडून दिलं, कानात घालायच्या वायरी दिल्या आणि बजावलं, "आई, हे लगेच येत नाही हं. इथे बोललं की तिथे पोचायला वेळ लागतो. आवाज मागून येतो. घाबरून दार वाजवू नकोस, माईकमध्ये जाईल."

"एवढं कळतं मला."

दार बंद झालं. ती हॉलमध्ये दारापाशीच उभी राहिली, फोन हातात, वायरी अजून गळ्यात. आतून त्याचा आवाज आला. तो फुसफुसाच होता, पण त्यात तोच जुना चढ होता, कर्ण्यातला. "नमस्कार मंडळी. वारा डावीकडून आहे. मैदान कोरडं आहे. बाकांवर आज कुणीही नाही, तेव्हा मी सांगीन ते खरं माना." ती हसली. मग तो थांबला. "पण एक पाहुण्या आज पहिल्यांदाच मैदानावर आल्यात. त्यांना आधी एक सांगायचंय..." आणि त्याने आवाज खाली आणला. दारातून पुढचं कळेना. तिने दाराला कान लावला. नुसती हवा ऐकू येत होती.

मग तिच्या लक्षात आलं की हे सगळं आता फोनवर यायचं आहे. माईक तर त्याच्या तोंडापाशी आहे, हळू बोललेलंही कानात स्वच्छ येईल. दारातून येणारं त्यात मिसळू नये, पहिल्या शब्दापासून नीट ऐकावं म्हणून ती लगबगीने बाहेर पडली, चप्पल न घालता दोन मजले उतरून जिन्याच्या कट्ट्यावर बसली आणि वायरी कानात घट्ट खुपसल्या.

फोनवर हिरवं मैदान आलं, रिकामे बाक आले. खेळाडू रांगेत उभे राहिले. आवाज नव्हता. मागून येतो, ती स्वतःला म्हणाली. चेंडू फिरायला लागला. मधेच टक टक असं काही वाजलं, मुलीची बटणं असावीत. खाली लोकांचं लिहिणं सरकत होतं. पंचाने लिहिलं होतं, आवाज नाही. गोलीने लिहिलं, भोंग्या, माईक चालू कर लेका. पुन्हा पंचाने लिहिलं, कुणीतरी सांगा त्यांना. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. जरा धीर नाही मेल्यांना. आयुष्यभर त्याने घसा कोरडा केला तुमच्यासाठी, आणि तुम्हाला दोन मिनिटं थांबवत नाही. त्यांना लिहून सांगावं असं तिला वाटलं, की अहो, आवाज मागून येतो. पण तिला टाईप करायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात त्याचं बोलणं निसटलं असतं. ती जिवाचे कान करून बसून राहिली.

वरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन उतरली आणि म्हणाली, "इथे का बसलात?" तिने तोंडावर बोट ठेवलं.

मग गोल झाला. चेंडू जाळीत गेला आणि तिच्या कानात एकदम फुटलं, "गो..." तेवढंच. शब्दाची शेपटी कापल्यासारखी नाहीशी झाली. पण आवाज त्याचाच होता. तिने छातीवर हात ठेवला. आला! आता मागचं सगळं येईल, त्या पाहुण्यांचंही येईल. तिने आवाजाची पट्टी वरपर्यंत ढकलली. खेळाडू पळत राहिले. मध्यंतर झालं. पुन्हा पळत राहिले. लोकांचं लिहिणं हळूहळू थांबलं. सामना संपला तेव्हाही ती बसून होती, कारण मागून येणारं अजून आलं नव्हतं. मग पान काळं झालं आणि त्यावर प्रक्षेपण संपल्याचं आलं.

ती वर आली. भोंगा खुर्चीत घामाने निथळत बसला होता आणि लग्नातल्या फोटोतही नव्हता इतका खूश दिसत होता. आवाज पूर्ण गेला होता. त्याने नुसते ओठ हलवले. ऐकलंस?

"ऐकलं," ती म्हणाली.

त्याने तिचा हात धरला, मानेने दोनदा हो हो केलं आणि आत जाऊन आडवा झाला. मुलीने मोठ्या हौसेने रेकॉर्डिंग लावलं. थोडं पुढे नेलं, आणखी पुढे नेलं, मागे आणलं. तिचा चेहरा उतरत गेला. आई तिच्या मागे उभी होती.

"फिल्टर," मुलगी म्हणाली. "त्यांच्या आवाजात आता नुसती हवा आहे ना. त्याला वाटलं, पंखाच आहे."

"काढ मग तो."

"आता निघत नाही. गाळलेलंच साठवलंय. वेगळं साठवलं असतं तर भार पडला असता." आणि ती टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आतलं दार ओढून घेतलं.

पुन्हा करता आलं असतं, असं कुणी म्हणेल. आवाज होता कुठे? रविवारी त्याने उरलेला सगळा ओतला होता. सोमवारी त्याला पाणी मागतानाही भांडं वाजवावं लागलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात आईने मुलीला एकदाच विचारलं, "तू तर शेजारीच होतीस. सुरुवातीला काय म्हणाले गं ते? पाहुण्यांना?"

"कानात गेमचा आवाज होता आई. मी खेळत होते."

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं आणि चांगलं झालं. डॉक्टर हसून बोलले. महिन्याभराने भोंगा घरी खुर्चीत बसायला लागला, गळ्यावर पट्टी, मांडीवर पाटी. जुनी मंडळी भेटायला आली. काय बोललास लेका, असं गोली म्हणाला. पंच म्हणाला, मैदानावरही इतकं रंगलं नव्हतं. माळ्याने तर डोळे पुसले, आणि ते मात्र खोटं नव्हतं. सगळे खरं गिळून आले होते. ती चहा देताना एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, आणि तिला त्यांचा राग येत नव्हता.

ते गेल्यावर ती यंत्रावर बसली. मुलगी कामावर होती. भोंगा उठला, कॉम्प्युटरच्या खोलीत गेला. कॉम्प्युटरचा पंखा घुमल्याचं तिने ऐकलं आणि तिच्या पायाखालचं पायडल थांबलं. ते रेकॉर्डिंग पुसून टाकावं, हे दोघींपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी त्यातला 'गो' पुसायचा कसा?

टक टक. टक. तिने उठून आत जायला हवं होतं. ती जागची हलली नाही. सामना पूर्ण होईपर्यंत तो बसून राहिला. मधे एकदा ते "गो..." आलं. मग तो दारात आला. पाटीवर लिहिलं होतं, तू ऐकलं म्हणालीस.

"दारातून ऐकलं," ती म्हणाली. "सुरुवातीचं. वारा डावीकडून आहे. मैदान कोरडं आहे. बाकांवर कुणी नाही, तेव्हा मी सांगीन ते खरं माना." तिने ते त्याच्याच चढात म्हटलं. तिला ते इतकं हुबेहूब येतं हे तिलाही माहीत नव्हतं. तो टक लावून बघत होता. "मग म्हणालात, पाहुण्या पहिल्यांदाच आल्यात, त्यांना आधी एक सांगायचंय. आणि आवाज खाली आणलात. मला कळेना. म्हणून मी खाली पळाले, फोनवर नीट ऐकू येईल म्हणून. तिथेच बसले होते. मला वाटलं, मागून येईल."

"काय सांगायचं होतं हो? लिहा ना. पाटीवर लिहा."

त्याने आधीचं पुसलं. खडू टेकवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. ती वाट बघत उभी राहिली, जिन्यावर बघत होती तशी. मग त्याने लिहिलं आणि पाटी तिच्याकडे फिरवली.

खेळाबद्दल होतं.

एवढ्या वर्षांत खेळाबद्दल बोलताना त्याने एकदाही आवाज खाली आणला नव्हता. तरी त्याने सांगितलं ते खरं मानल्यासारखी ती मान हलवून बरं म्हणाली. त्याने बाहीने पाटी पुसली, आणि ती परत यंत्रावर जाऊन बसली.